थोरली पेटी

होडीत पेट्या चढवताना मधवालीने घरातल्या कोणाला धड श्वास घेऊ दिला नाही.

"अगं, माश्यांची पेटी आहे ती, धुण्याचं गाठोडं नाही! हळू टेकव." हे सुनेला. "आणि तू दोरी बांधतोयस की वेणी घालतोयस?" हे लेकाला.

उजाडायला अजून अवकाश होता. पेट्यांच्या दारांना आदल्या सांजेलाच जाळ्या ठोकल्या होत्या. दिवसभर बाहेर हिंडलेल्या माश्या अंधारून आल्यावर घरी परततात, तेव्हा दारं लावायची आणि दुसऱ्या दिवशी ऊन तापायच्या आत पेट्या नव्या जागी नेऊन उघडायच्या, ही या घराची कामाची रीत. खाडीच्या तोंडाशी बेट होतं, बेटावर तिवराचं रान होतं, आणि ते रान यंदा असं फुललं होतं की वारा तिकडून वळला की अंगणात भांडी घासतानाही वास यायचा. तो वास आला की मधवालीचे हात भांड्यावरच थांबायचे.

मागच्या वर्षी हा बहर हुकला होता. पेट्या दरवर्षी लाँचवरून जायच्या. पण लाँचवाल्याच्या कोणा उतारूला माशी चावली आणि त्याने धक्क्यावर चारचौघांत सांगून टाकलं, "यापुढे तुझ्या पेट्या नकोत." मधवाली काय ऐकून घेते! तिने तिथेच तोंड सोडलं. "तुझ्या लाँचच्या बुडाला भोक आहे आणि तुझ्या डोक्याला झाकण नाही! पुन्हा तुझ्या फळीवर पाय ठेवला तर मला बाई म्हणू नकोस." धक्का हसला होता, लाँचवाल्याचे कान लाल झाले होते, आणि घरी परतल्यावर पेट्या तशाच अंगणात राहिल्या होत्या. खायला फूल नाही. निम्म्याहून जास्त पेट्या त्या हंगामात ओस पडल्या.

उरलेल्या जेमतेम जगल्या; जोमात तगली ती एकटी थोरली. घरातली सगळ्यात जुनी पेटी. बाकीच्या साऱ्या पेट्या हिच्यातूनच वेगळ्या काढलेल्या, हिच्या लेकी आणि नाती. थोरली राहिली तर पेट्या पुन्हा वाढवता येतील; ती गेली तर मधाचं घर म्हणायला फक्त रिकामी खोकी उरतील. लेकाने मागेच सांगून ठेवलं होतं, "आई, यंदाही जमलं नाही तर मी बर्फाच्या कारखान्यात जातो. त्यांनी विचारलंय." मधवालीने कुठूनशी एक मोडकी होडी मिळवली, लेकाने चार महिने तिच्या बुडाला डांबर पाजलं, जुनं इंजिन बसवलं, आणि आज ती होडी पहिल्यांदा पेट्या घेऊन पाण्यात उतरत होती.

"चल!" मधवाली पुढच्या टोकाला जाऊन उभी राहिली. तिला बसायला सांगायची कोणाची छाती नव्हती.

इंजिन खोकलं, थुंकलं आणि लागलं. होडी धक्क्यापासून सुटली तशी मधवाली लहान पोरीसारखी टाचांवर उंच झाली. मागे गाव लहान होत गेलं. पाणी काळ्याचं राखाडी, राखाडीचं गुलाबी झालं. बगळे उठले. पेट्यांमधून मंद, भरलेला गुंजारव येत होता, तो तिच्या तळपायांना फळीतून कळत होता. सून मात्र दोन पेट्यांच्या मध्ये उकिडवी बसून होडीची कड दोन्ही हातांनी घट्ट धरून होती. ती कोरड्या मुलखातली. विहिरीपेक्षा मोठं पाणी तिने लग्नानंतरच पाहिलं.

"सोड ती कड," मधवाली म्हणाली. "तू धरलीस म्हणून होडी तरंगत नाहीये."

"आत्या, तुम्ही बोलत राहा. तुम्ही बोललात की भीती वाटत नाही."

"म्हणजे काय, मी गप्प असते तेव्हा घाबरतेस?"

"तू कधी गप्प असतेस?" लेक मागून म्हणाला, आणि तिघंही हसली.

तेवढ्यात इंजिन गचकन थांबलं. कोणाच्या तरी तुटक्या जाळ्याचा गुंता पंख्यात अडकला होता. लेक दातात सुरी धरून पाण्यात उतरला. एक एक दोरा कापायचा, बुडी मारायची, वर येऊन धाप टाकायची. मधवाली वरून सूचना देत होती आणि तो पाण्याखाली असल्यामुळे त्या ऐकत नव्हता. गुंता सुटेपर्यंत सूर्य तिवरांच्या डोक्यावर आला आणि ओहोटीने पाणी ओढायला सुरुवात केली.

पुढे खाडी दोन वाटांनी फुटत होती. मोठी धार लांबून वळसा घालून जाणारी. अरुंद फाटा रानातून थेट बेटाकडे निघणारा.

"मोठ्या धारेने घेतो," लेक म्हणाला. "फाट्यात पाणी उतरत असणार."

"मोठ्या धारेने गेलास तर ऊन डोक्यावर येईल आणि पेट्या भाजतील. फाट्याने घे."

"आई, अडकलो तर?"

"मी सांगतेय ना!"

या घरात त्याच्यापुढे बोलणं नसतं. लेकाने सुकाणू फिरवलं.

फाट्यात शिरल्यावर दोन्हीकडून फांद्या इतक्या जवळ आल्या की हात लांब केला तर पान तोडता यावं. मधवाली पुढून ओरडत होती, "डावीकडे! अरे तुझी डावी, माझी नाही!" आणि मग काही आवाज न करता होडी चिखलात शिरली. सुरी लोण्यात जावी तशी. लेकाने उतरून खांदा लावला, मांडीपर्यंत रुतला. मधवालीने काठी रेटली, काठी आत गेली ती गेलीच. सुनेनेही पदर खोचून उडी टाकली आणि तिची एक चप्पल चिखलाने कायमची ठेवून घेतली. पाणी मात्र कोणाची वाट न बघता निघून गेलं. थोड्या वेळाने होडी एका कुशीवर कलंडून, फाट्याच्या ऐन मधोमध, आडवी बसली.

लेकाने नुसतं मागे, मोठ्या धारेकडे पाहिलं, आणि त्याचं ते पाहणं मधवालीला चिखलाहून जड झालं.

ऊन तापलं. त्यांनी गोणपाटं भिजवून पेट्यांवर टाकली, ती बघता बघता वाळली. तिवरांच्या मुळ्यांतून कढत वास यायला लागला. आणि पेट्यांचा आवाज बदलला. मधवालीने एका पेटीला कान लावला. आतल्या गुंजारवाचा आता घोष झाला होता, उकळी फुटायच्या आधी भांडं करतं तसा. तिने झाकणावर तळहात ठेवला आणि चटकन उचलला.

"मेण वितळायला लागलं तर आतल्या आत बुडून मरतील," ती म्हणाली. "दारं उघड."

लेकाने मान वर केली. "आई, दारं उघडली की त्या हीच जागा पाठ करणार. अंधारेपर्यंत होडी हलवता यायची नाही. हलवली तर परतून येतील आणि घर नाही म्हणून पाण्यावर पडतील."

"ठाऊक आहे मला. तुझ्या जन्माआधीपासून ठाऊक आहे. उघड!"

त्याने जाळ्या उपटल्या. क्षणभर काहीच नाही, आणि मग दारांतून माश्या बाहेर सांडल्या. सोनेरी धूर उठावा तशा. होडीवर, फांद्यांवर, तिघांच्या डोक्यांवर नुसता घोंगावणारा उजेड झाला. सुनेच्या भुवईवर एक डसली. ती "आई गं!" म्हणून ओरडली आणि तशीच हसायला लागली. "आत्या, बघा ना! बघा ना कशा निघाल्यात!"

मधवाली बघतच होती. त्या वाचल्या होत्या. पुढचं पुढे.

पुढचं दुपारून आलं. भरती वळली, पाणी मुळ्यांमधून सरसरत आत शिरलं, होडी कण्हत सरळ झाली आणि लगेच फिरायला लागली. तिघांनी उरलेल्या काठ्या ठोकल्या, दोऱ्या ताणल्या, तरी होडी इकडून तिकडे मान हलवतच होती. ती हलली की परतलेल्या माश्या हवेत दार शोधत भिरभिरत. अशात वळणामागून भोंगा वाजला.

मधवालीने तो भोंगा ओळखला. भरतीच्या पाण्यात लाँच याच फाट्याने जायची, हे तिच्या ध्यानातच राहिलं नव्हतं.

लाँच माणसांनी भरलेली होती. लाँचवाला छपराखालून वाकून ओरडला, "कोण रे वाटेत आडवं झोपलंय?"

"डोळे घरी ठेवून आलास का? मी आहे!"

लाँचवाल्याने इंजिन मंद केलं. सगळे उतारू एका बाजूला आले तशी लाँच झुकली. "होडी बाजूला घे, मधवाले. भरती उतरली तर मी इथेच राहीन."

"नाही हलवता येत. माश्या बाहेर आहेत."

"मग आम्ही काय करायचं? माश्यांची वाट बघायची?" गालाला फडकं बांधलेला एक उतारू कळवळून बोलला. "अहो बाई, दाढ उपटायला निघालोय मी! रात्रभर डोळ्याला डोळा नाही."

"तुमची दाढ एक आहे," मधवाली म्हणाली, "माझी पोटं हजार आहेत."

लाँचवर गलका झाला. कोणी म्हणालं ढकला होडी, कोणी म्हणालं मागे वळा. छत्रीवाली एक मास्तरीण तेवढी शांतपणे म्हणाली, "काहीतरी उपाय असेल ना, काकू?"

उपाय होता. अंगणातली पेटी जागेवरून हलवायची तर एकदम उचलत नाहीत. हातभर सरकवायची, थांबायचं, माश्यांना नवी जागा कळू द्यायची, मग पुन्हा हातभर. होडीही तशीच कडेला नेता आली असती. मधवालीने ते सांगितलं. "पण त्याला माणसं लागतात. चारी बाजूंनी होडी पाळण्यासारखी धरून ठेवणारी." एवढं बोलून ती थांबली. पुढचा शब्द मदतीचा होता, आणि तो तिच्या जिभेला कधी लागलेला नव्हता. सून तिच्याकडे बघत होती, लेक बघत होता, सगळी लाँच बघत होती.

लाँचवाल्याने तिला फार वेळ तसं उभं ठेवलं नाही. त्याने पॅन्ट गुडघ्यावर चढवली आणि धबकन पाण्यात उडी टाकली. "काय बघताय? उतरा की! बायांनी डोकी झाकून घ्या. आणि माशी बसली तर नाचू नका, ती बघते आणि जाते."

मग जो काही खेळ झाला! कमरेइतक्या पाण्यात माणसं होडीला खेटून उभी. एका अंगाला लेक आणि लाँचवाला, दुसऱ्या अंगाला ओढणीत तोंड गुंडाळलेली मास्तरीण आणि तिच्यासोबत बाजाराला निघालेल्या बाया. मधवाली वर उभी राहून हुकूम सोडत होती. "एक हात! बस! श्वास धरा." माश्या आधी जुन्या जागी घुटमळत, मग दार सापडलं की रांगेने आत. "शिरल्या! आता अजून एक हात!" प्रत्येक हातागणिक लोकांचा आवाज चढत गेला. अर्ध्या वाटेपर्यंत आल्यावर तर कोणाला घाईच राहिली नाही. दाढवाल्याच्या नेमक्या सुजल्या गालावर माशी चावली. तो दोन्ही हातांनी होडी धरून होता म्हणून त्याला झटकताही येईना. "सोडू नका!" सगळे ओरडले. त्याने सोडली नाही. जरा वेळाने नवल वाटून म्हणाला, "अहो, दाढेचं दुखणं कळेनासं झालं!" हसून हसून बायांच्या हातातली होडी डुलायला लागली आणि मधवालीने सगळ्यांना एकत्रच झापलं.

होडी कडेला लागली. वाट मोकळी झाली. आणि तेव्हाच थोरली उठली.

आधी नुसता आवाज. मग पेटीच्या दारातून माश्या अशा धडाधड निघाल्या की बाहेर पडणारीला आत येणारी भेटेना. त्या चरायला निघाल्या नव्हत्या. घर सोडून निघाल्या होत्या. उन्हाने, हलण्याने त्या विटल्या होत्या. राणीसकट सगळा संसार हवेत काळा भोवरा होऊन फिरला.

"आई, थोरली!" लेकाचा आवाज फाटला.

भोवरा वर गेला, रानाकडे झुकला, पुन्हा वळला, आणि लाँचवर उतरला. छपराच्या लोखंडी खांबाला दाढीसारखा लोंबून बसला. लाँचवर राहिलेली दोन म्हातारी माणसं पुतळ्यासारखी झाली.

मधवालीने खांबाकडे बघत अंतर मोजलं. तिथून त्या रानात उठल्या की कायमच्या गेल्या. आता, या घटकेलाच धरायला हव्यात. तिने रिकामी झालेली पेटी उचलून सुनेच्या हातात दिली, "माझ्या मागे ये" म्हणाली, पाण्यातून लाँचपाशी गेली आणि फळीपुढे थांबली.

मागच्या वर्षी धक्क्यावर हसलेल्यांपैकी निम्मी माणसं तिथेच ओल्या कपड्यांत उभी होती. लाँचवाला सुकाणूपाशी पोहोचला होता. तो काय काय म्हणेल ते सगळं तिने मनात म्हणून पाहिलं आणि प्रत्येकाला उत्तरही तयार केलं.

"लाँचवाल्या," ती म्हणाली, "येऊ का आत?"

"ये," तो म्हणाला. "खालची पायरी निसरडी आहे, जपून."

बस, एवढंच. तयार केलेली सगळी उत्तरं तिच्या तोंडात तशीच राहिली आणि तिचे डोळे चुरचुरले. तिने ते उन्हावर ढकललं.

तिने बाह्या वर सारल्या आणि उघडा हात त्या लोंबत्या घोसात घातला. आत ऊब होती. ओंजळभर जिवंत, सळसळती ऊब, बोटांच्या बेचक्यांतून वाहणारी. तिने ओंजळ भरली आणि पेटीत सोडली. पुन्हा भरली, पुन्हा सोडली.

"हात कापतोय का तुझा?" तिने न बघता सुनेला विचारलं.

"कापतोय."

"कापू दे. पेटी कापू देऊ नकोस."

सुनेने कोपर बरगडीला टेकवलं आणि पेटी स्थिर झाली. आणखी एक ओंजळ, आणि तिच्यात ती दिसली, लांबट, तांबूस, घाईत नसलेली. राणी. मधवालीने हात पेटीत नेऊन उलटा केला. राणी चौकटीवर उतरली आणि आत गेली. जरा वेळाने खांबावरच्या माश्या आपणहून पेटीकडे चालायला लागल्या, पाऊस आल्यावर माणसं दाराकडे चालतात तशा.

"गेली!" सून किंचाळली. "आत्या, आत गेली ती!" पाण्यातून, लाँचवरून एकच आरोळी उठली.

पण पेटी आता लाँचवरून हलवली तर मागे राहिलेल्या हुकणार, आणि लाँच थांबवली तर पाणी जाणार. मधवालीने हे तोंडाने बोलायच्या आत मास्तरीण पेटीवर छत्री उघडून बसली होती. "ती आमच्यासोबत येईल, काकू. संध्याकाळी परतताना देऊ."

मधवालीने उतारूंकडे पाहिलं. कोणी पाय आखडून जागा करत होतं, कोणी पंचा ओला करत होतं. तिला होडी सोडता येत नव्हती. "सुने, तू जा," ती म्हणाली.

"एकटी? पाण्यातून?"

"एवढी माणसं आहेत ना." आपल्या तोंडून हे निघालं याचं तिलाच आश्चर्य वाटलं.

सांजेला लाँच आली तेव्हा सून पुढच्या टोकाला उभी होती, कड न धरता, पायांशी पेटी घेऊन. दाढवाला एक दाढ कमी करून आला होता आणि बोबड्या तोंडाने सगळ्यांना सांगत होता की डॉक्टरकडेही त्याने आधी माश्यांचंच सांगितलं. उजेड विझता विझता बाकीच्या माश्या होडीत परतल्या. सगळ्या नाही, काही पाण्यावर पडल्या, त्या मधवालीने पाहिल्या. लेकाने जाळ्या लावल्या. ओहोटीच्या आत बेट गाठायचं तर होडीचं इंजिन पुरणार नव्हतं, म्हणून लाँचवाल्याने दोर फेकला. मधवालीने तो झेलला आणि स्वतः बांधला.

"हळू ओढ," ती म्हणाली. "आतली सगळी दमलीत."

"हळूच ओढणार," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच बेटावर पेट्या उघडल्या. तिवरं पिवळ्या बारीक फुलांनी लगडली होती. बाकीच्या पेट्यांनी दार उघडायचीच वाट पाहिली होती. सगळं रान गुंजायला लागलं. थोरलीच्या दारात मात्र दोन-चार माश्या येऊन बसल्या आणि आत गेल्या. एकदा उठलेली पेटी पुन्हा उठते, हे तिघांनाही ठाऊक होतं. मधवाली पेटीसमोर मातीत मांडी घालून बसली.

पहिल्या फेरीची लाँच आली. पेट्या उतरवायच्या नसल्या तर ती बेटाला लागत नसे. आज इंजिन बंद करून किनाऱ्यापासून जरा दूर उभी राहिली. छपराखालून सगळी डोकी बाहेर आली होती, आणि त्यात दाढवाला होता, ज्याला आज कुठेच जायचं नव्हतं.

"मधवाले!" लाँचवाल्याने ओरडून विचारलं. "नांदतेय का?"

तिने हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. थोरलीच्या दारातून एक बाहेर पडली. मग दुसरी. मग पाठोपाठ कितीतरी. त्या रानात शिरल्या आणि दिसेनाशा झाल्या. या परतणार की निघून गेल्या? लेक उभा राहिला, पुन्हा बसला. सुनेने मधवालीचा हात धरला आणि मधवालीने तो काढून घेतला नाही.

मग फुलांतून एक माशी जडपणे उडत आली, दाराच्या फळीवर पडली, सावरली. तिच्या मागच्या दोन्ही पायांना परागाचे पिवळे गोळे लागलेले होते. पोरांना भरवायचं असतं तेव्हाच माश्या पराग घरी आणतात. घर सोडायचं असलं की आणत नाहीत. ती पाय ओढत दारातून आत गेली. तिच्यामागे दुसरी आली, तीही भरलेली.

मधवाली उठली. गुडघ्यांची माती झटकली नाही, पदर सावरला नाही. पाणी पायाला लागेपर्यंत धावत गेली आणि सगळ्या खाडीला ऐकू जाईल अशी ओरडली, "नांदतेय रे! नांदतेय!"